चिंचेचा डॉक्टर आणि केसरबाईचे माठ

देऊळघाटच्या फकीर मोहम्मदच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर हिरव्या रंगात लिहिलंय : ‘झाडाचे डॉक्टर. झाड पाडायचे असल्यास बेल वाजवू नये.’ घराला बेल नाही. पण बेलचा उल्लेख नसला तर डॉक्टरची पाटी शोभत नाही, असं रंगवणाऱ्यानं सांगितलं आणि फकीर मोहम्मदला ते पटलं. शोभेच्या बाबतीत तो कुणाचंही ऐकतो. झाडाच्या बाबतीत कुणाचंच नाही.

वय पंचावन्नच्या आसपास. जमिनीवर चालताना गुडघे धरतो, ओटा चढताना ‘या अल्ला’ म्हणतो आणि बसच्या पायरीवर कंडक्टरला हात मागतो. हाच माणूस लुंगीचा काचा मारून झाडाला भिडला की खारीला वाट सोडावी लागते. त्याची बायको चांदबी म्हणते, ह्यांचे गुडघे जमिनीवरच दुखतात, घरही झाडावर बांधायला पाहिजे होतं.

तरुणपणी तो विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडे पंधरा वर्षं होता. तिथं तो चढायला शिकला आणि फांदी कशी तोडू नये हेही शिकला. कारण दर वर्षी त्याच रस्त्यानं त्याच झाडांकडे जावं लागे आणि आपणच केलेल्या जखमा बघाव्या लागत. डॉक्टर पुष्कळ असतात, पण जुने पेशंट रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहून आपल्याकडे बघताहेत, असा प्रसंग फार थोड्यांवर येतो. कुठला घाव भरला, कुठला सडला, हे तो बघत गेला. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सुरकुत्यांचं एक कडं असतं. ते कडं राखून कापलं तर झाड आपली जखम आपणच भरून काढतं, कडं उडवलं तर आत कुजत जातं. एवढी एक गोष्ट कळायला त्याला सात वर्षं लागली. नंतरची आठ वर्षं त्यानं ती ठेकेदाराला सांगण्यात घालवली आणि शेवटी नोकरी सोडून पाटी लावली.

पाटी लावली तेव्हा आसपासच्या गावांत झाडावर चढणारे दोघंतिघं होते. आता एकट्या देऊळघाटात कटर मशिनी नऊ आहेत. सगळ्यांची बोली एकच : तोडणं फुकट, लाकूड आमचं. गिऱ्हाइकाला याहून गोड बोली कुठली? पण मग फांदी छाटायला आलेला माणूस झाडाकडे कसा बघणार? पाहुणा वाढलेल्या ताटाकडे बघतो तसाच. ‘एक फांदी काढा’ म्हणून बोलावलेल्या मशीनवाल्याला प्रत्येक झाड मुळापासून आजारी दिसतं.

फकीर मोहम्मदची बोली उलटी. मजुरी घेईन, लाकडाला हात लावणार नाही. ‘लाकूड घ्याले लागलो का नजर फिरते,’ तो म्हणतो. यामुळे नजर शाबूत राहिली आणि काम निम्मं झालं.

या नऊ मशिनींचा म्होरक्या अकरम. चाळिशीचा, पिवळ्या मशीनला पोरीसारखा जपणारा, हसतमुख आणि नात्यानं फकीर मोहम्मदचा सख्खा साळा, म्हणजे चांदबीचा धाकटा भाऊ. ईदला दोघं एका दस्तरखानावर बसतात. ‘दुल्हाभाई, अजून एक बोटी घ्या, झाडावर चढाले ताकद लागते,’ अकरम म्हणतो. ‘तू कमी खा, तुह्यी ताकद पेट्रोलची आहे,’ असं उत्तर येतं. चांदबी दोघांनाही वाढते.

बुलढाण्याच्या शिक्षिका शैलजाताई मात्र फकीर मोहम्मदचं नाव काढलं की उठून उभ्या राहतात. त्यांच्या अंगणातला आंबा चार वर्षं वाळत चालला होता. मशीनवाल्यांनी त्याला कधीच मेलेला ठरवलं होतं. फकीर मोहम्मद आला, बाभळीच्या मोगरीनं खोडावर ठोकत ठोकत कान लावून एक फेरा मारला आणि सालीत रुतलेली कपडे वाळत घालायची तार बोटानं दाखवली.

‘बाई, पंधरा वर्सं याच्या गळ्याले फास लावून तुम्ही चादरी वाळू घालून राह्यल्या. आंबा कसा देईन थो?’

तार निघाली. दोन वर्षांनी आंबा लागला. शैलजाताईंनी कपड्यांसाठी लोखंडी खांब रोवला आणि वर्गातल्या पोरांना फासाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

तर हे सगळं पणाला लागलं ते एका चिंचेपायी.

मोताळ्याच्या बाजूला एका गावात मंगळवारचा बाजार भरतो. गावाचं नाव सांगण्यात शहाणपण नाही, कारण सरपंच वामनराव अजून तिथंच राहतात. बाजाराच्या मधोमध ही चिंच. तिघांच्या कवेत न मावणारी, अर्धा बाजार पोटाखाली घेणारी. चैत्रातल्या एका मंगळवारी तिची वाळकी फांदी तुटली आणि वाळल्या मिरचीच्या ढिगावर पडली. लागलं कुणाला नाही, पण सगळा बाजार दिवस मावळेपर्यंत शिंकत होता. वामनरावांना तेवीस शिंका आल्या. चोविसाव्या शिंकेच्या आधी त्यांनी चिंच पाडायचं ठरवलं. अकरम दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन हजर. ‘दोन दिवसांत मैदान साफ करतो साहेब, तेही फुकट.’

बातमी चांदबीनं घरी आणली. ती बाजारोबाजारी बांगड्या विकते आणि मंगळवारी त्याच चिंचेच्या बुडाशी बसते. फकीर मोहम्मद मोगरी घेऊन निघाला. तासभर त्यानं चिंच ठोकली. वामनराव आणि पाच-पन्नास माणसं बघत होती.

‘बुड खणखणीत आहे,’ तो खाली उतरून म्हणाला. ‘सडली थे एक उगवतीची खांदी. आतून पोकळ. तेवढी काढली का झाड अजून शंभर वर्सं उभं राह्यते. एक बोट सडलं म्हणून मानूस जाळता काय?’

‘आन थे खांदी कोनाच्या टकुऱ्यावर पडली तं, फकीरभाई?’ वामनरावांनी विचारलं.

इथं फकीर मोहम्मद थांबायला हवा होता. पण पन्नास माणसं ऐकत असली की त्याची जीभही झाडावर चढते.

‘पडनार नाई, साहेब. उतरनार. लेकरू कडेवरून उतरवतो तशी उतरवतो. बाजाराच्या दिवशीच उतरवतो, कारन मले नाडा धराले चाळीस मानसं लागतात आन बाकीच्या दिवशी तुमचं गाव वावरात असते. एक माठ जरी फुटला, तं झाड अकरमचं. आन दारावरची पाटी मी माह्या हातानं काढतो.’

‘पाह्य बरं,’ वामनराव म्हणाले. ‘सबन ऐकून राह्यले.’

घरी चांदबीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ‘आलिमाचे अब्बा, माठाचं नाव कोनी काढलं होतं? केसरबाई बसते तिथं. टोपल्याचं तरी नाव घ्याचं!’

मंगळवार उजाडला. उगवतीची बाजू दहा वाजता रिकामी करायची असं ठरलं होतं. दहा वाजले, सव्वादहा वाजले, एकही माणूस जागचा हलला नाही. आणि तेव्हा फकीर मोहम्मदला आपण काय विसरलो ते आठवलं. या बाजारात जागा कुणाच्या नावावर नसते. जो बसतो त्याची. ती सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला मिळते, पण बसलेल्याच्या वजनानंच टिकते. एका मंगळवारी उठलात तर पुढच्या मंगळवारी तिथं लसूणवाला बसलेला असतो. चांदबीच्या ज्या जागेच्या मिळकतीवर पंचवीस वर्षं आपलं घर चाललं, तिचा हा कायदा घरधनीच विसरला होता.

माठांच्या मधोमध केसरबाई मांडी घालून बसली होती. ‘म्या लगन होऊन आली तवापासून इथंच बसतो, भाऊ. उठत नसतो.’

‘मावशे, वरतून पाच क्विंटलची खांदी येऊन राह्यली!’

‘तू तं म्हने पडत नाई म्हनून. मंग काऊन उठू?’

बाजार हसला. फकीर मोहम्मदनं बायकोकडे पाहिलं. ‘चांदबी, तू तरी उठ. तू उठली का बाकीचे उठतीन.’

‘मी उठली का बाकीचे माह्या जागेवर बसतीन,’ चांदबी म्हणाली आणि एका बाईच्या मनगटात बांगडी चढवत राहिली.

शेवटी तोडगा केसरबाईनंच काढला. माणसं उठतील, दुकानं उठणार नाहीत. माल जागेवर राहील, म्हणजे जागाही राहील. माणसं वीस पावलं मागं सरकली. वामनरावांनी मध्ये दोरी बांधली. चिंचेखाली उरले माठ, रांजण, टोपल्या, अंडी आणि मधून जाणारी तीन हात रुंद वाट. फांदी उतरवायची ती त्या वाटेवर.

सगळ्यात शेवटी चांदबी उठली. तिनं बांगड्यांची पेटी उचलली आणि बुडाशी न ठेवता चांगली पुढं आणून बरोबर त्या फांदीच्या खाली ठेवली. झाकणही उघडंच.

‘काय करून राह्यली?’ फकीर मोहम्मद ओरडला.

‘तुमचं तुम्ही पाह्या,’ ती म्हणाली आणि दोरीपलीकडे गेली.

नाडे, म्हणजे जाड दोर, दोन होते. एक फांदीच्या शेंड्याला, तो वरच्या बेचक्यातून घेऊन चाळीस माणसांच्या हाती दिलेला. दुसरा फांदीच्या बुडख्याला, तोही वरून घेऊन चिंचेच्या खोडाला तीन वेढे दिलेला. हा दुसरा एकाच माणसानं धरायचा आणि वेढे ढिले करत इंच इंच सोडायचा. शेंड्याला जोर लागतो, बुडख्याला अंदाज. फकीर मोहम्मदनं गर्दीवरून नजर फिरवली. जोर भरपूर होता. अंदाज असलेला माणूस एकच होता आणि तो आपल्या टेम्पोला टेकून, चिंच आज भरून नेता येईल की उद्या, याचा विचार करत होता.

‘अकरम, ये इकडे. नाडा धर.’

‘मी?’ अकरमच्या तोंडातली सुपारी थांबली. ‘दुल्हाभाई, माठ फुटला तं झाड माह्यं आहे. मलेच नाडा देता?’

‘तुह्याशिवाय कोनाले समजते थे?’

बाजारात कुजबुज झाली. वामनरावांनी ‘येडा आहे का हा’ असं मोठ्यानं विचारलं. अकरम पुढं आला. त्यानं वेढे तपासले, चपला काढल्या, खोडाला पाय लावला आणि मग वर बघायच्या आधी खाली बघितलं. समोर बहिणीची पेटी उघडी होती. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या उन्हात चमकत होत्या. त्यानं दोरीपलीकडे पाहिलं. चांदबी त्याच्याकडेच बघत होती.

फकीर मोहम्मद वर गेला. मशीन नको म्हणाला, करवत घेतली. आधी फांदीच्या पोटाखालून चार बोटं कापलं, म्हणजे फांदी सुटताना साल ओरबाडून नेणार नाही. मग कडं राखून वरून लावली. करवतीच्या आवाजाखेरीज बाजारात आवाज नव्हता. एवढा मोठा बाजार इतका गप्प पूर्वी कधी झाला होता का, याबद्दल गावात आजही वाद आहे.

मग एक कडकड. फांदी हातभर खाली आली आणि अडकली. चाळीस जणांनी घाबरून एकदम जोर लावला. शेंडा वर उडाला, बुडखा गर्रकन वळला आणि बांगड्यांच्या पेटीवर येऊन लोंबू लागला.

‘शेंडा ढिल्ला!’ वरून आवाज आला. ‘ढिल्ला म्हनतो ना बे! अकरम, थांब! थांब!’

अकरम थांबला. नाडा हातातून सरकत होता, तळहाताची कातडी जात होती, तरी त्यानं तो छातीशी घेऊन रोखला. फांदी झुलली. डावीकडे माठ, उजवीकडे अंडी. एकदा झुलली, दोनदा झुलली, मग स्थिर झाली.

‘आता सोड. हलू हलू. तुह्यी बहीन सासरी पाठवली तसा सोड.’

‘तिले तं मी पयत जाऊन सोडलं होतं, दुल्हाभाई!’ अकरम घाम गाळत म्हणाला, आणि नाडा इंच इंच सुटत गेला. फांदी वाटेवर आडवी टेकली. धूळसुद्धा बेतानंच उडाली.

बाजार ओरडणार तेवढ्यात वामनरावांनी हात वर केला. ‘थांबा. माठ पाह्यचे आहेत.’

केसरबाई पदर खोचून पुढं झाली. एकेक माठ उचलून बोटाच्या पेरानं ठोकू लागली. टण्ण. टण्ण. टण्ण. फकीर मोहम्मद खाली उतरून, मान तिरपी करून ऐकत होता. त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच तपासणी होती जिच्यात ठोकणारं दुसरंच कुणी होतं. तेहेतीस माठ खणखणीत वाजले. चौतिसावा बद्द वाजला.

सगळ्या बाजारानं तो आवाज ऐकला. वामनरावांनी अकरमकडे पाहिलं, अकरमनं आपल्या सोललेल्या हातांकडे. फकीर मोहम्मदचा हात नकळत खांद्यावरच्या गमछ्याकडे गेला. पाटी काढायला पान्हा लागेल की नुसता स्क्रू-ड्रायव्हर, असं काहीसं त्याच्या मनात आलं, हे त्यानंच नंतर सांगितलं.

केसरबाईनं इकडेतिकडे पाहिलं. माठ हातात, सगळ्या गावाचे डोळे अंगावर. मग ती पुटपुटली, ‘हा पयलेचाच आहे.’

‘काय?’ वामनराव म्हणाले.

‘भट्टीतूनच तडकेल आला म्हनतो ना! आता काय ढोल वाजवून सांगू?’

‘मंग इकाले काऊन ठेवला होता, मावशे?’ गर्दीतून कुणीतरी विचारलं.

‘तुह्यासाठीच ठेवला होता!’ केसरबाई कडाडली, आणि बाजाराच्या हसण्यानं चिंचेवरचे सगळे पोपट उडाले.

चिंच राहिली. उतरवलेली फांदी फकीर मोहम्मदनं अकरमच्या टेम्पोत चढवायला लावली. लाकूड त्याचं, हात त्याचे सोलले होते. त्या महिन्यात मोताळ्यापासून लोणारपर्यंतचे फोन आले. एक फोन तर गाय आजारी आहे म्हणून आला, डॉक्टर म्हणजे डॉक्टर. फकीर मोहम्मदनं त्यालाही गोठ्यावरच्या लिंबाची चौकशी केल्याशिवाय सोडलं नाही.

घरी जाताना त्यानं चांदबीला विचारलं, ‘पेटी पुढं काऊन ठेवली होती?’

‘तुमच्यावर भरोसा होता म्हनून.’

तो दहा पावलं छाती काढून चालला.

‘आन अकरमवर नव्हता म्हनून,’ चांदबी म्हणाली. ‘नाडा तुम्ही त्यालेच देनार, हे मले ठाव होतं. माह्या बांगड्या फुटल्या असत्या तं त्याले ईदले कोनी जेवाले दिलं असतं?’

तो तडकलेला माठ आता फकीर मोहम्मदच्या ओट्यावर आहे. लोक घरात बक्षिसाच्या ढाली मांडतात तसा, स्वतंत्र पाटावर. पाणी त्यात ठरत नाही. पण दर शुक्रवारी नमाजनंतर अकरम येतो, हातात मोगरी घेऊन ओट्यावर उकिडवा बसतो, आणि फकीर मोहम्मद त्याला आधी दारची लिंबाची फांदी ठोकायला लावतो, मग हा माठ.

‘ऐकलं काय? थे खणखणीत. आन हे?’

‘बद्द.’

‘हे ओयखता आलं का मशीनले हात लाव.’

अकरम पुन्हा ठोकतो. आतून चांदबी ओरडते की पुरे झालं, चहा थंड होतो आहे. फकीर मोहम्मद गुडघे धरून, ‘या अल्ला’ म्हणत उठतो, आणि जाता जाता पाटावरचा माठ जरासा फिरवून ठेवतो, तडा रस्त्यावरून नीट दिसेल असा.