साडूंच्या हौदातलं शेवाळ

माणसाच्या पांढऱ्या पेशींवर आमच्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा ठेवणारा गृहस्थ परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. देवावरही होतीच; लिंगपूजेशिवाय ते पाणी पीत नसत. पण देव उपाशी राहतो, पेशी राहत नाहीत, असं त्यांचं मत. पेशींचा चारा म्हणजे शेवाळाची पूड. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेलूच्या घराच्या गच्चीवर सिमेंटचा हौद बांधला आणि त्यात शेवाळ वाढवलं. दोन्ही वेळा काठीनं ढवळायचं, जुन्या धोतरातून गाळायचं, आपल्याकडच्या रणरणत्या उन्हात वाळवायचं. वाळताना मात्र त्याला मासळीसारखा वास सुटे, आणि त्या गल्लीत मासळी कुणाच्या स्वप्नातही येत नव्हती. कुजबुज वाढली तेव्हा साडूंनी एकेका शेजाऱ्याला गच्चीवर नेऊन हौद हुंगायला लावला, वर चिमूटभर पूड खाऊ घालूनच सोडलं.

चिमूट देण्याची त्यांची रीत मोठी सोवळी होती. समोरच्याचा उजवा तळवा उघडायचा आणि डोळे मिटून पूड ठेवायची. चारठाण्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीआधी अशा चिमटी वाटल्या. म्हाताऱ्या बायांनी तो अंगारा समजून कपाळाला लावला, त्यांचं पाहून इतरांनी, आणि बघता बघता निम्मं वऱ्हाड हिरव्या कपाळाचं झालं. एकीनं मला हळूच विचारलं, "कोन्त्या देवाचा हाय वो?" साडूंनी ते ऐकलं. "पोटात घाला, मावशी. आतली फौज झोपायलीय," म्हणाले. मला सर्दी झाली की माझी फौज झोपलेली असे. झाली नाही, तर पूड लागू पडलेली असे.

मग आक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, बोटं सुजू लागली. आक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. भाकरी थापता येईना, तेव्हा साडू स्वतः परातीपुढं बसले. ज्वारीच्या पिठात पूड कालवून ते भाकऱ्या करत; रंगानं हिरव्या, आकारानं तालुक्याच्या नकाशासारख्या. आक्का मुकाट्यानं खात. सूज वाढली तशी साडूंनी पूड वाढवली. शेवटी मीच दोघांना परभणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

साडूंनी त्यांचाही तळवा मागितला. बाईंनी तपासण्यांचे कागद पाहिले, पुडीचा डबा पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, काकूंची फौज झोपलेली नाही. ती जागी आहे आणि चुकून त्यांच्याच सांध्यांवर चालून जातेय. मी तिला औषधानं आवरायचं आणि तुमच्या पुडीनं तिला आणखी चेव यायचा, असं होऊ शकतं. काकूंना ही देऊ नका."

पेपरवाल्याशीही हुज्जत घालणाऱ्या साडूंनी डबा उचलून पिशवीत टाकला. घरी येऊन ते थेट गच्चीवर गेले आणि हौदाचं बूच उपटलं. तुमच्यापुरतं तरी ठेवा, असं मी म्हणालो.

"घरात असलं की हात जातो, साडूभाऊ," ते म्हणाले, आणि शेवटचं हिरवं पाणी खराट्यानं लोटत राहिले.

आता आक्कांना औषध लागू पडलंय. परवा त्यांनीच भाकऱ्या थापल्या, गोल, पांढऱ्याशुभ्र. त्या हिरव्या भाकरीतून सुटलात, असं मी म्हणालो. साडू हात धुवायला मोरीकडे गेलेत, हे पाहून आक्का हलकेच बोलल्या.

"चव न्हवती, भाऊजी. पण सगळ्या संसारात ते माझ्यासाठी परातीपुढं बसले ते तेवढेच दिवस. बोटं बरी झाली. आता कशाला बसतील?"