नाक्यावरचे सगळे शेख

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्याव्यात. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. हाताला पेन्सिलीपेक्षा मेंढ्यांमागची काठी जास्त सवयीची, त्यामुळे अक्षरही वाकडं येतं. पण मी कनेरगाव नाक्याला एकटी कशी जाऊन आले, हे बहिणीला सांगायला बसलं की ती मधेच हसत सुटते आणि माझं सांगणं राहून जातं. म्हणून हे लिहून ठेवते. तिनं निवांत वाचावं आणि मग हवं तेवढं हसावं.

सिद्धेश्वरच्या धरणाखाली तेव्हा आमचा वाडा (मेंढ्या बसवायची जागा) होता. सकाळच्या गाडीनं मी निघाले. लोकर विकून आलेले पैसे मालकांनी (माझ्या नवऱ्यानं) माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "तिथं तोंड उघडशील ना? का नुसतीच उभी राहून येशील?" मेंढ्या व्यायला आल्या होत्या, म्हणून मालकांना वाड्यावरून हलता येत नव्हतं. आणि ज्याचे पैसे द्यायचे तो माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

खरं तर मीही पाहिला नव्हता. आदल्या हिवाळ्यात आम्ही नाक्याजवळच्या एका रानात उतरलो होतो. कोवळी ज्वारी खाऊन मेंढ्यांची पोटं फुगली. औषधाला मला पाठवलं. दुकानदारानं किंमत सांगितली तशी मी गारच पडले, कनवटीला तेवढे नव्हते. तेवढ्यात मागच्या कोणीतरी माझ्या खांद्यावरून नोटा पुढं केल्या. कोणाला परत आणून द्यायचे, एवढंच मी कसंबसं विचारलं. घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "नाक्यावर शेख म्हणा, कोनीबी सांगल." माझा पदर डोळ्यांवर होता. मी मान वर केली नाही. त्याच्या पायातल्या टायरच्या चपला तेवढ्या दिसल्या. मेंढ्या वाचल्या, पण दुसऱ्याच दिवशी रान मोकळं करावं लागलं आणि आम्ही पुढं निघून गेलो. आता आठवड्याभरात गोदावरीकडं उतरायचं होतं, मग पुन्हा वर्षभर इकडं येणं नाही. मेंढकं आज इथं, उद्या तिथं, पैसे बुडवून गेली, असं त्या माणसानं म्हणू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

हिंगोलीच्या स्टँडवर सगळीकडं हिंदी ऐकू येत होती. नाक्यावरून पुढं जाणारी वाशीमची गाडी कोणती हे विचारायला जीभ उचलेना, म्हणून पाटीवरची अक्षरं जुळवत बसले. ती बरोबर जुळली. गाडीत खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, कुठं कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या. मला फार बरं वाटत होतं. नाका आला, लोक उतरले, पण माझ्या शेजारी पोतं मांडीवर घेऊन एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांना सरका म्हणायचा मला धीर झाला नाही. गाडी सुटली. कंडक्टर पुन्हा तिकिटं बघायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, तुमचं तिकीट तर नाक्याचं हाय. काहून बसून राहिल्या?" पुढं रस्त्यावर उतरवलं. उन्हात मागं चालत आले.

नाक्यावर ढाबे, पंक्चरची दुकानं आणि नवीनच लागलेला एक एसटीडीचा पिवळा डबा. चहाच्या हॉटेलात मी शेख कुठं राहतात म्हणून विचारलं.

"कोनता शेख?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"शेख."

"ते झालं हो. नाव काय त्याचं?"

"शेख हेच नाव न्हाई का?"

बाकावरची माणसं हसली. हॉटेलवाल्यानं समजावलं की ते आडनाव आहे, आणि नाक्यावर गवंडी शेख, पंक्चरवाला शेख, शेळ्यांचा व्यापारी शेख, कोणकोण आहेत. मी चपलांची खूण सांगितली. तशा चपला तर बाकावरच्या प्रत्येकाच्या पायात होत्या. शेवटी त्यानं मला शेख मास्तरांच्या घरी धाडलं.

मास्तर रिटायर झालेले, दारात बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, हमीदाबींनी मला आत घेतलं आणि जेवल्याशिवाय बोलू दिलं नाही. खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ आंबट कालवण) वाढला. मी माझी भाकरी आणि ठेचा पुढं केला. मास्तरांनी ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागितला. हमीदाबी म्हणाल्या, "घरचं तिखट यांना कधी गोड लागत न्हाई."

मी भीत भीत विचारलं, एवढी माणसं एकाच आडनावाची कशी. मास्तरांना असा प्रश्न बऱ्याच दिवसांनी मिळाला असावा. ते मांडी घालून बसले. म्हणाले, शब्द अरबी आहे. तिकडं टोळीतल्या वयस्क माणसाला, म्होरक्याला शेख म्हणत. पुढं ज्याच्यापाशी लोक शिकायला बसत त्यालाही म्हणू लागले. आपल्या मुलखात पीर आले, त्यांचे जे मुरीद (शिष्य) झाले त्यांतल्या पुष्कळांनी तो शब्द नावापुढं लावला, आणि पुढं तो पिढ्यान्पिढ्या चालत आला.

"तुमच्यात पाटील असतात ना, तसं," ते म्हणाले. "गाव सांभाळणारा एकच, पण आडनाव साऱ्या भावकीला. त्यात आमी बापाच्या नावाआधीबी शेख लावतो. शेख रशीद शेख महेबूब. मी हजेरीत शेख म्हणलं की अर्धा वर्ग उभा राहायचा."

शेख म्हणजे वडीलधारा माणूस, हे ऐकून मला हुरूप आला. घोगरा आवाज, उदार हात. तो म्हाताराच असणार. मी तसं सांगितलं आणि मास्तरांनी गल्लीतले सगळे म्हातारे शेख अंगणात बोलावले. मी दाराआड खाली मान घालून बसले, एकेकानं बोलायचं. एकाचा आवाज बासरीसारखा, एकाला दात नव्हते. तिसरा म्हणाला, "मी तो न्हाई, पन दिले तर घेईन." हमीदाबींनी त्याला चहा देणार नाही म्हणून दम भरला. आवाज कोणाचाच जुळला नाही.

ऊन उतरायला लागलं. पैसे मास्तरांकडं ठेवावेत असं मी सुचवलं. ते म्हणाले, पैसे कोणाचे हे ठाऊक नसताना ठेवून घेणं बराबर न्हाई. मला सोडायला ते नाक्यापर्यंत आले. मी पैसे तसेच घेऊन परत चालले होते.

एवढ्यात वाशीमकडून आलेली काळी-पिवळी जीप उभी राहिली आणि मागं लटकलेला पोरगा ओरडू लागला, "हिंगोली, हिंगोली, हिंगोली." तोच घोगरा आवाज. मी उभीच राहिले. माणसं चढली, जीप हलली. मास्तरांना सांगेपर्यंत ती निघून गेली असती.

मी ओरडले, "शेख!"

हॉटेलातली, पंक्चरच्या दुकानातली, पानटपरीवरची, निम्म्या नाक्याची माणसं माझ्याकडं वळली. मास्तरही दचकले. जीपच्या मागचा पोरगाही वळला. त्याला जेमतेम मिसरूड फुटलं होतं. त्यानं जीपवर थाप मारून ती थांबवली.

"हा तर सलीम," मास्तर म्हणाले. "ओरडून ओरडून घसा बसलाय याचा. पोरं याला चाचा म्हणतात." मग माझ्याकडं बघून मान हलवली, "आन् आमी सगळे म्हातारे गोळा केले."

मी नोटा पुढं केल्या. सलीमला आधी आठवेना, मग आठवलं. मेंढ्या जगल्या का, हे त्यानं पहिलं विचारलं. जगल्या म्हटल्यावर निम्म्या नोटा मला परत देऊ लागला. म्हणाला, उरलेले लेकराबाळांना ठेवा.

मी पदर मागं सारला. त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "सगळे घ्या. आन् मोजा."

त्यानं मोजले. "बराबर हायत," म्हणाला आणि मला पुढं, ड्रायव्हरजवळ बसवलं. भाडं घ्यायला तयार नव्हता. मास्तर खालूनच म्हणाले, "घे रे बाबा. न्हाई तर ह्या पुन्हा तुला हुडकत येतील आन् मला पुन्हा म्हातारे गोळा करावे लागतील."

हिंगोलीपर्यंत तो आवाज माझ्या मागं ओरडत होता. एवढं वय झालं, पण मी कधी कोणाच्या मदतीला असा हात पुढं केलाय का, हा विचार मनात येत राहिला. नाक्यावरच्या लोकांनी मला पाहिलं होतं, माझा आवाज ऐकला होता, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. उलट हसू येत होतं.

वाड्यावर पोचले तेव्हा मालक नुकत्याच जन्मलेल्या कोकराला पुसत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "भेटला का?"

"भेटला."

"दिले?"

"दिले. सगळे."