चपट्या डब्यातलं पीठ

१९ जानेवारी २००३, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. रविवार होता. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मला नऊला पोचायचं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहत उभ्याउभ्याच चहा पीत होते. आई ओट्यापाशी वाकून खालच्या फळीवर काहीतरी शोधत होती.

"अगं, चपट्या डब्यातलं झुरळांचं पीठ कुठं ठेवलंस?"

चपटा डबा माझ्या समोरच होता. धुतलेला, ओट्यावर पालथा घातलेला, आणि त्याच्या काठाशी अजून पाण्याचे थेंब होते. मी तो धुतला नव्हता. आईनंही धुतला नव्हता.

हे पीठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. दिवाळीनंतर आई दरवर्षी बोरिक पावडर, दळलेली साखर आणि दुधाची पावडर समभाग घेऊन, कालवून या चपट्या डब्यात ठेवी. लागेल तसं त्यातलं थोडं दुधात मळून त्याच्या गोळ्या करी आणि मोरीपाशी, सिलिंडरमागे ठेवी. साखरेला आणि दुधाला झुरळं भुलतात, बोरिक पावडरीनं मरतात. डब्यावर तिनं ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली असे.

"चिठ्ठी कुठाय डब्यावरची?" मी विचारलं.

आई फळीवरून मान वर न काढता म्हणाली, "परवाच काढली. बायका हळदीकुंकवाला आल्या की सरळ आत स्वयंपाकघरात शिरतात. झुरळं म्हणून एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्यांनी वाचायचं का?"

आदल्या संध्याकाळी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. हुबळीशेजारच्या आमच्या गावात, सप्तापूर भागात वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीणबाई राहत. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे. बेळगावहून मावशी सणासाठी आली होती. मी रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जूनमध्ये संशोधनासाठी बंगळूरला जायचं मनाशी पक्कं केलं होतं. या घरातली ही माझी शेवटची संक्रांत ठरणार होती, म्हणून वाण मी ठरवलं होतं. प्लास्टिकच्या फण्या आणि स्टीलचे चमचे पुरे झाले, यंदा घरी केलेली हॉट चॉकलेटची पूड द्यायची.

ती पूड मी प्रयोगासारखी केली होती. सुभाष रोडवर बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून कोको सुटा आणला. दुधाची पावडर, दळलेली साखर, किंचित कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि सुंठ. प्रमाण ठरेपर्यंत चार दिवस घरच्यांना कपावर कप पाजले. सगळं तीनदा चाळलं, म्हणजे पहिल्या चमच्यात आणि शेवटच्या चमच्यात फरक राहू नये. मग बुटक्या बाटल्यांत भरून कानडीत आणि मराठीत चिठ्ठ्या लावल्या: एक पेला गरम दूध, दोन चमचे पूड. अक्कांनी आधीच एक पेला पिऊन निकाल दिला होता, "चॉकलेट हिट्टू छलो अद!" चॉकलेटचं पीठ छान आहे.

आता त्या 'हिट्टू' शब्दानं मला भलतीच शंका आली. माझी पूड आणि आईचं पीठ, दोन्हींत साखर आणि दुधाची पावडर होती. दोन्ही जिभेवर गोडच लागली असती. साखर दळताना मी फळीवरचे कोणकोणते डबे उघडले होते, ते आठवू लागले. जे आठवत होतं त्यावर माझा विश्वास बसेना.

"आई, खाली जा आणि फोन कर. ज्यांच्याकडे फोन आहे त्या सगळ्यांना सांग, बाटली उघडू नका."

"आधी तू काय ते तपास. उगाच गावभर कशाला? उद्या कोणी आपल्या घरचं पाणी पिणार नाही."

"तपासायला वेळ लागतो. दूध प्यायला लागत नाही."

आईचा चेहरा उतरला, पण ती गेली. जिना उतरता उतरता ती काय बोलायचं याची तयारी करत होती, ते मला ऐकू येत होतं: "पुडीला जरा कुबट वास येतोय, तेवढी उघडू नका..." नाव काहीही घे, मी मनात म्हटलं, पण उघडू देऊ नकोस.

बोरिक पावडरीची सगळ्यात सोपी परीक्षा हळदीनं होते. हळदीत बुडवून वाळवलेला कागद आम्ल घातलेल्या पाण्यात भिजवून पुन्हा सुकवला आणि पाण्यात बोरिक पावडर असली, तर पिवळा कागद तांबूस होतो. हळद घरात भरपूर होती. कालची तबकं अजून तशीच पडली होती. आम्ल मोरी धुवायच्या बाटलीतलं. गाळणकागद माझ्या दप्तरात होता. मी तीन पट्ट्या कापल्या. एक आमच्या रोजच्या वापरातल्या अर्ध्या बाटलीतल्या त्याच पुडीसाठी, एक निव्वळ पाण्यासाठी आणि एक कॅरमच्या डबीतल्या बोरिक पावडरीसाठी. शेवटची पट्टी तांबडी झाली नाही, तर परीक्षेलाच अर्थ उरत नाही.

कोमट पाण्यात पूड ढवळली, फडक्यातून गाळली. रंग तपकिरी उतरला आणि पट्टी त्यात बुडवताच मळकट लालसर दिसली. मी स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं की हा कोकोचा रंग आहे, अजून आम्ल घातलेलं नाही. आम्ल घातलं. पट्ट्या तव्याच्या उबेवर धरल्या. पाण्याची पट्टी पिवळी राहिली. कॅरमच्या पावडरीची पट्टी कडेनं तांबडी होत आत सरकू लागली. माझ्या पुडीची पट्टी वाळत गेली, वाळत गेली, आणि पिवळीच राहिली.

पूड शुद्ध होती. मी भिंतीला टेकले. पण चपटा डबा तर रिकामा होता. त्यातलं पीठ कुठंतरी गेलं होतं.

तेवढ्यात मावशी केस पुसत न्हाणीघरातून बाहेर आली. "तव्यावर हे काय भाजतेस सकाळी सकाळी?"

"मावशी, हा डबा तू धुतलास?"

"मीच की. तू राजकन्या, तू कशी धुशील? काल शेवटी अक्का आपल्या पुतणीला घेऊन आल्या बघ, तेव्हा वाण संपलं होतं. सवाष्ण दारात आली आणि तिला रिकाम्या हातानं पाठवू? एवढी शिकलीस, एक बाटली जास्तीची करून ठेवायला सुचलं नाही तुला! बाटली होती, कोको होता. साखर आणि दुधाची पावडर तू कालवून ठेवलेलीच होतीस या डब्यात. दिली मी भरून."

"ती साखर नव्हती."

"मी चाखून बघितली. गोडच होती."

"गोडच असणार," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "झुरळांसाठी होती ती."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. मग तिनं डबा उचलून त्याचा वास घेतला, जणू धुतलेला डबा अजून काही सांगेल. कोको तिनं नेमका किती घातला, ते तिला सांगता येईना. "रंग येईपर्यंत" एवढंच. मी धरून चालले की बाटलीतला चौथा हिस्सा तरी बोरिक पावडर असावी.

खाली आई फोनपाशी होती. अक्कांना मी कानडीत सगळं सांगितलं, कुबट वासाचं सोंग न घेता. आई मान खाली घालून ऐकत राहिली. अक्का खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. पुतणी रात्री त्यांच्याकडेच मुक्कामाला होती आणि सकाळी सहाच्या बसनं हुबळीच्या वाटेवरच्या अमरगोळला परत गेली होती. सोबत तिची चार वर्षांची मुलगी. घरी फोन नव्हता. नवरा मार्केट यार्डात एका दलालाच्या दुकानात कामाला. दुकानात फोन होता, पण रविवारी तो उचलणार कोण? अक्कांनी तरीही नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली.

"बसमध्येच पोरीनं धोशा लावला असणार," अक्का म्हणाल्या. "रात्री मी माझ्या पेल्यातलं दोन घोट दिलं होतं तिला. आणखी पाहिजे म्हणून रडली. उद्या घरी करून देईन, असं तिची आई म्हणाली."

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वृद्ध डॉक्टरांना आईनं फोन लावून माझ्या हातात दिला. त्यांनी एकदाही रागावून विचारलं नाही. उलटी होते का, मूल सुस्त आहे का, अंगावर लाली आहे का, हे बघायला सांगितलं. तसं काही दिसलं तर थेट हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात. काही दिसलं नाही तरी मुलीला त्यांच्याकडे आणायचं. "आणि एक गोष्ट," ते म्हणाले, "पोटात किती गेलं? अंदाज नको. बायका घाबरल्या की एक तर काही नाही म्हणतात, नाही तर सगळं म्हणतात. तू रसायनशास्त्राची ना? मला आकडा आण."

अक्का आणि मी रिक्षानं निघालो. आई येते म्हणाली, मीच तिला फोनपाशी बसवलं. नवनगरच्या पुढे रिक्षा सपाट रस्त्यावर लागली तरी मला ती सरकतच नाही असं वाटत होतं. डोक्यात गणित चाललं होतं. दोन चमचे म्हणजे किती ग्रॅम, त्याचा चौथा भाग किती, चार वर्षांच्या मुलीचं वजन किती. प्रत्येक वेळी शेवटची पायरी आली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. शेजारी अक्का पुटपुटत होत्या, तो बहुधा देवाचा जप होता. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "हे विष किती कडक असतं ग?" मी म्हटलं, किती त्यावर असतं. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि याहून कमी उपयोगाचंही नव्हतं.

मार्केट यार्डाच्या मागच्या ओळीत ते घर होतं. दार उघडं होतं. पुतणी अंगणात धुणं वाळत घालत होती. आम्हाला पाहून ती हसली आणि मग अक्कांचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं.

"मुलगी कुठाय?" अक्का.

"निजलीय."

सकाळचे दहा वाजत आले होते. चार वर्षांची मुलगी या वेळी झोपते? मी चप्पल न काढताच आत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिला हलवलं. ती हलली नाही. पुन्हा हलवलं, जरा जोरात, तेव्हा तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि हात झटकला, "ब्याडा!" नको म्हणजे नको. तो चिडका आवाज मी जन्मात ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा गोड होता. अंगावर लाली नव्हती. उलटी झाली नव्हती. पहाटे पाचला उठून बसनं आली होती, म्हणून पेंगली होती.

"चॉकलेटचं दूध दिलंस का तिला?" मी पुतणीला विचारलं.

"दिलं की. आल्या आल्या केलं. पण घोटभर घेतलं आणि 'कहि, कहि' करून ढकललं."

कहि म्हणजे कडू. घोटभर म्हणजे किती? पुतणी म्हणाली, थोडंसं. आम्ही का आलो ते अक्कांनी तिला सांगितलं, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, अर्धं असेल, मला आठवत नाही, मी चुलीकडे बघत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच.

"बाकीचं दूध कुठाय? टाकलंस?"

"दूध कसं टाकू?" तिनं डोळे पुसले. "झाकून ठेवलंय. संध्याकाळी गूळ घालून मीच पिणार होते."

फडताळात स्टीलचा उभा पेला होता, वर ताटली. मी तो हिंदकळू न देता उजेडात आणला. आतल्या बाजूला, दुधाच्या पातळीच्या वर, तपकिरी रंगाचं एक वाळलेलं कडं उमटलं होतं. पेला पहिल्यांदा भरला तेव्हा दूध तिथवर होतं. साय आणि कोको आपली खूण सोडून खाली उतरले होते. पातळी आणि कडं यांच्यात अंतर होतं, पण उभ्या पेल्यात नजरेला अंतर फसवतं. मला माप हवं होतं.

"घरात औषधाची बाटली आहे? खोकल्याची? तिचं मापाचं झाकण पाहिजे."

पुतणीनं ते शोधून दिलं. पाच मिलीलिटरची रेघ त्यावर स्पष्ट होती. मी तांब्यातून पाणी घेतलं, रेघ डोळ्यांच्या उंचीला आणली आणि पेल्याच्या कडेनं हळूच सोडलं. दूध वर चढलं, पण कड्याला लागलं नाही. अक्का आणि पुतणी पेल्यावर वाकल्या होत्या. दारात ती मुलगी येऊन उभी राहिली होती, केस विस्कटलेले, अंगठा तोंडात. दुसरं झाकण भरलं. मनगट पेल्याला टेकवलं आणि थेंब थेंब सोडत गेले. झाकण रिकामं झालं त्याच वेळी फिकट तपकिरी पृष्ठभाग कड्याला सगळीकडून एकसारखा टेकला.

पाणी ओतताना किंवा मुलीनं पेला ढकलताना थोडं सांडलं असेल, तर खरा आकडा याहून लहान, मोठा नाही. अर्धा पेला नव्हे, दोन छोटे चमचे; त्यात बोरिक पावडर गेली असलीच तर चिमूटभर. मी ते दोनदा मनाशी तपासलं. मग मुलीला कडेवर घ्यायला अक्कांना सांगितलं, रिक्षा दारातच थांबवलेली होती, आणि डॉक्टरांसाठी तळहातावर पेनानं लिहिलं: १० मिलीलिटर.