माझा जामीन पानटपरीवाला

आधी एक सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? टीव्हीवर, की शेजारच्या पानटपरीवाल्यावर? घाई नको, चहा संपेपर्यंत विचार करा. मी टीव्हीवर ठेवला आणि शहाद्याच्या भर बाजारात असा तोंडघशी पडलो, की आजही मी मिरची तोलायला घेतली की लोक हसतात.

माझं मिरची-धान्याचं दुकान. शिक्षण सगळं काट्यावरच झालेलं. पण एक कमाई होती: मी तोलत असलो की शेतकरी काट्याकडे बघत नसे.

दुकानाला लागून भिकाची पानटपरी. पानाच्या आडून तो मटक्याचा आकडा घेतो, हे पानालाही ठाऊक! मी त्याला रोज झापायचो. एकदा दुकानातल्या टीव्हीवर क्रिकेटच्या मधेच पैसे लावायच्या खेळाची जाहिरात लागली.

भिका म्हणाला, "शेठ, हाई बी आकडाच शे ना?"

"अरे, तुझं चोरून चालतं. हे टीव्हीवर! कायद्यात बसत नसतं तर दाखवलं असतं का?"

"मंग मन्ही टपरी बी टीव्हीवर दखाडा. कायद्यामा बशी जाई!"

मी हसण्यावारी नेलं. तिथेच थांबलो असतो तर!

पुढे केबलवाला आला. म्हणाला, तुमच्या दुकानाची जाहिरात फुकट दाखवतो, खर्च खेळाच्या बातम्यांची एक कंपनी करेल. शेवटी एवढंच बोला, मी रोज हेच बघतो, तुम्हीही बघा.

मी काही भोळा नाही बरं का! विचारलं, "जुगार तर नाही ना?"

"छे! बातम्या, शेठ. नावातच 'बातम्या' आहे."

फुकट म्हटल्यावर व्यापाऱ्याची अक्कल कुठे जाते, ते मला विचारू नका. फेटा बांधला, मिरचीच्या पोत्यावर बसलो आणि बोललो.

जाहिरात लागली. मी म्हणतोय, "मी रोज देखस, तुम्ही बी देखा!" आणि माझ्या पोटावरून पट्टी सरकतेय: पैसे लावा, दुप्पट जिंका! केबलवाल्याला फोन केला. तो कशाला उचलतो?

बाजाराच्या दिवशी कळसाडीचे नामदेव आबा दारात हजर. कापूस विकून बियाण्यासाठी ठेवलेल्या नोटा माझ्या हातात कोंबत म्हणाले, "शेठ, मोबाईलवर मन्हा भरोसा नही. तुम्हना हातमा देस. लावी द्या."

"आबा, खिशात ठेवा! बियाण्याचे आहेत ना?"

"तुम्हना काटा कधी देखा नही, आते काय देखू?"

त्यांच्यामागे आणखी दोघे. मी एकाला परत करतोय, तर दुसरा कोंबतोय. तिकडून भिका ओरडला, "शेठ, मन्हा गिऱ्हाईक चोरी ऱ्हायनात!"

आणि नेमके हवालदारसाहेब दारात.

"हातात काय, शेठ?"

"परत करतोय, साहेब! आणि ते टीव्हीवर दाखवतात, म्हणजे कायदेशीरच…"

"टीव्हीवाल्यांना सरकारने केव्हाच बजावलंय, असल्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. बातम्यांचा मुखवटा लावला तरी नाही. आणि या मुखवट्याखाली तोंड तुमचंच दिसतंय."

मी आधी टीव्ही बंद केला.

"तुमच्याबद्दल कोणी हमी देईल का? नाहीतर चला ठाण्यात."

ज्यांनी काट्याकडे कधी बघितलं नव्हतं, ते सगळे आता काट्याकडेच बघत होते!

एकच हात वर झाला. भिकाचा.

"साहेब, सोडी द्या. शेठले आकडामधलं काहीच समजत नही. पैसा हातमा घीसन चिठ्ठी बी देत नही! आसा माणूस धंदा करी का?"

"चिठ्ठी देतात, हे तुला बरं माहीत?"

भिका एकदम मन लावून पानाला चुना लावू लागला.

हवालदार हसले. मी त्यांच्यासमोर सगळ्यांच्या नोटा परत केल्या, केबलवाल्याविरुद्ध जबाब दिला, जाहिरात उतरली. आबा थेट बियाण्याच्या दुकानात गेले. पुढच्या बाजारी तूर घेऊन आले, तेव्हा काटा स्थिर होईपर्यंत वाकून बघत राहिले. मी म्हटलं, "बघा आबा, बघितलंच पाहिजे."

हा किस्सा तुम्ही चार ठिकाणी सांगणारच. सांगा. फक्त हिशोब चोख ठेवा: अक्कल भिकाच्या नावे जमा करा, मूर्खपणा सगळा माझ्या नावे टाका. आणि मेहेरबानी करून मला सूट देऊ नका. फुकटच्याच नादाने तर हे सगळं झालं!