ओठ सुमनताईंचे, आवाजही त्यांचाच

रविवारी कापड्याला, आमच्या सासरच्या गावी गेले होते. सोबत मोबाईल, ट्रायपॉड आणि ब्लूटूथ स्पीकर... शूटिंगला! पन्नाशीला आलेली महाडची मेडिकलवाली बाई आणि म्युझिक व्हिडिओ, यावर आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालं होतं.

सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. कापड्यात कुणाचीही हळद असो, गाणी म्हणायला ताईच. मग थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि आवाज जो बसला तो बसलाच... आता कुजबुजल्यासारखं बोलतात. डॉक्टरांनी दिलेले आवाजाचे व्यायामही त्यांनी सोडून दिले होते.

आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याच लेकीची हळद. लेक म्हणाली, डीजे लावू. नंतर ताईंनी मला मागच्या दारी नेलं आणि हळूच म्हणाल्या, "गो मीना, तुझ्या मोबाईलमध्ये माझं गाणं हाय ना? आवाज तोच ठेव. तोंड मी हलवीन."

गाणं होतं. माझ्या मुलाच्या हळदीत सहज रेकॉर्ड केलेलं. पण एडिटिंगचं मला ओ का ठो कळत नव्हतं.

तिथेच केलेला पहिला प्रयत्न पार फसला. आवाज पुढे, ओठ मागे... सगळं डिलीट केलं. मग दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा यूट्यूबवर शिकत बसले. गाणं सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज कुठे जुळवायचे ते कळतं. हे समजल्यावर इतका आनंद झाला म्हणून सांगू!

रविवारी ओठ जुळले, तरी ते खोटंच दिसत होतं. ताई नुसतं तोंड हलवत होत्या... गळ्यात काही हालचालच नाही. मी म्हटलं, "ताई, खरंच गा. आवाज कसाही येऊ दे, तो मी काढून टाकणार आहे."

त्या घोटभर पाणी प्यायल्या, पदर खोचला आणि गायला लागल्या. मान ताठ झाली, हात आपोआप ताल धरायला लागले. मला स्क्रीनवर पूर्वीच्या ताई दिसत होत्या.

शेवटच्या ओळीला स्पीकरची बॅटरी संपली, जुनं गाणं बंद पडलं... आणि ताई थांबल्या नाहीत. घोगरा, मध्येच तुटणारा आवाज, पण सुरात. ओळ पूर्ण केली आणि मगच डोळे उघडले. दारात उभी असलेली लेक रडत होती.

मी शब्द दिल्याप्रमाणे तो आवाज काढून टाकला, तिथे जुनी ओळ बसवली आणि व्हिडिओ दाखवला. ताईंनी शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "शेवटची ओळ माझी आताचीच लाव."

"लोक ऐकतील ताई..."

"ऐकू दे. जित्ती हाय मी."

तसंच ठेवलंय. हळदीला मांडवात तोच व्हिडिओ लागणार, डीजे नंतर. ताईंनी व्यायाम पुन्हा सुरू केलेत. लेक सांगते, सकाळी चुलीपुढे बसून "आऽऽ" चालू असतं.

इतकी खटपट करून मी लिप-सिंक शिकले, आणि सगळ्यात सुंदर ओळीला ते करावंच लागलं नाही. ताई, ती ओळ मला शूट करू दिलीत... खूप मिळालं.