दहा हजारांचा बोनस

चहा घ्या, तोवर सांगतो. पेणमध्ये हा किस्सा लोक माझ्यासमोरच तिखटमीठ लावून सांगतात. म्हटलं, एकदा मूळ माणसाकडूनच ऐका.

दोन वर्षांपूर्वी मी डोलवीच्या स्टील कारखान्यात एका ठेकेदाराकडे फिटर होतो. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर जाहिरात आली. ऑनलाइन कॅसिनोत खातं उघडा, दोन हजार भरा, दहा हजार बोनस घ्या. फुकटचे दहा हजार कोण सोडणार? मी भरले, आणि खात्यात बारा हजार दिसायला लागले. लगेच बायकोला, सुनंदाला, फोन लावला. "बोनस आला गो, दहा हजार," एवढं बोललो आणि भोंगा झाला. फोन ठेवला.

घोळ झाला तो इथंच.

सुनंदा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. तिनं शेजारी बसणाऱ्या मंदाला बातमी दिली. मंदाचा नवरा महादेव माझ्याच ठेकेदाराकडे कामाला. मंदानं त्याला कळवलं, त्यानं बाकीच्यांना. आमच्या ठेकेदारानं, दामूशेठनं, सहा वर्षांत बोनस म्हणून कुणाला सुपारीसुद्धा दिली नव्हती. शिफ्ट सुटल्यावर चाळीस माणसं थेट त्याच्या पेणच्या ऑफिससमोर.

मला यातलं काहीच ठाऊक नाही. बोनसची मागणी चाललीय म्हणाले, मग मी मागे राहतोय होय? गर्दीत घुसलो आणि सगळ्यांत मोठ्यानं विचारलं, "आमचा बोनस कधी देताय?"

सगळे माझ्याकडे वळले. महादेव म्हणाला, "तुला तर मिळालाय ना?"

दामूशेठही बाहेर आला. कोणी दिला, कधी दिला, विचारायला लागला. मी गुपचूप मोबाइल काढून दाखवला. तेवढ्यात मला शोधत सुनंदा पोचली, हातात बोनसच्या आनंदाचा पेढ्यांचा बॉक्स. तिनं पेढे माझ्याकडे दिले, मोबाइल घेतला आणि खालच्या अटी वाचायला लागली. मुंगीएवढी अक्षरं. पण मूर्तीच्या पापणीची रेघ ओढणारी बाई ती, एक ओळ सुटली नाही.

मग तिनं सांगितलं. बोनस हातात पडायला त्याच्या तीसपट रकमेचा जुगार खेळायचा. म्हणजे तीन लाखांचा, तोही आठवड्यात. तोवर आपले दोन हजारही काढता येणार नाहीत.

"हा बोनस नाय हो," ती म्हणाली, "गळ हाय. आणि तुम्ही लागलात."

चाळीस माणसं हसली. दामूशेठ तर पोट धरून. सुनंदा मात्र हसली नाही. त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "शेठ, यांचा बोनस खोटा निघाला. या सगळ्यांचा खरा कधी?"

हसणं थांबलं. दिवाळीला बघू, असं दामूशेठ पुटपुटला.

"बघू नको. द्याल का नाय, ते सांगा."

सहा वर्षं जे आम्हा चाळीस जणांना जमलं नाही, ते तिनं दोन वाक्यांत केलं. देतो म्हणाला तो, सगळ्यांसमोर. मी पेढ्यांचा बॉक्स धरून नुसता बघत राहिलो. माझे दोन हजार बुडाले, पण त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दिवाळीला खरंच पाकिटं आली. एकेकानं सही केली, पाकीट घेतलं. माझा नंबर आला तेव्हा दामूशेठनं पाकीट परत खणात टाकलं.

"तुझं नाय देत," तो म्हणाला. "घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये."

मी मुकाट्यानं गेलो आणि सुनंदाला घेऊन आलो.