तपासले, ठीक आहे

चिमणी ही पंचावन्न आसनांच्या विमानाची कॅप्टन. नाव घरचं, थोरल्या भावाने ती पाळण्यात असतानाच ठेवलेलं. तो दादा तिच्याच कंपनीत विमानं दुरुस्त करायचा. त्याने सही केलेलं विमान ती डोळे झाकून न्यायची.

त्या दुपारी विमान ढगात शिरलं आणि पंखांच्या कडांवर बर्फ धरू लागला. अशा वेळी कडेच्या रबरी पट्ट्या हवेने फुगतात आणि बर्फ तडकून उडून जातो. उजवीकडचा उडाला. डावीकडचा तसाच. पिवळा दिवा लागला. तिने बटण पुन्हा दाबलं, पुस्तकातले सगळे उपाय करून पाहिले, पट्टी ढिम्म. विमान डावीकडे झुकायला लागलं, वेग उतरू लागला.

तिने ऑटोपायलट काढला. सहवैमानिक तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा.

"खाली जाऊ या," तो म्हणाला. "खाली ऊब आहे."

"मागा परवानगी. आणि सांगा, परत फिरतोय."

उतरताना तिने वेग पडू दिला नाही. मागे बावन्न माणसं होती, त्यातली तिघं ओकल्याचं हवाईसुंदरीने कळवलं. ढगांखाली आल्यावर बऱ्याच वेळाने डाव्या पंखावरची बर्फाची पहिली ढलपी सुटली. तरी तिने धोका पत्करला नाही. नेहमीपेक्षा जास्त वेगात, लांब धावपट्टीवर विमान टेकवलं.

प्रवासी उतरल्यावर ती शिडी लावून पंखापाशी चढली. पट्टीला हातभर चीर होती आणि तिच्यावर काळं ठिगळ चिकटवलेलं. बोट लावताच ते निघून हातात आलं. गोंद बोटांना चिकटला, घासूनही निघेना. विमानाच्या नोंदवहीत हीच तक्रार महिन्यात तीनदा होती. तिन्ही वेळा खाली दादाचं गोल अक्षर : तपासले, ठीक आहे. सकाळी तिने हे वाचलं होतं, आणि सही पाहून पान उलटलं होतं. आता तिला स्वतःचीही शिसारी आली.

दादा हँगरमध्ये चहा पीत होता.

"नवी पट्टी यायला महिना लागतो, चिमे. विमान उभं केलं तर वरचे माझ्या डोक्यावर बसतात. या दिवसांत बर्फ कुठला, असं वाटलं."

"मग तसं लिहायचं होतंस."

"तू काय लिहिणार आहेस?"

"जे आहे ते. ठिगळासकट."

"माझ्या पोरांचा विचार कर."

"बावन्न माणसांत पोरं नव्हती का रे?"

त्याने मान खाली घातली आणि उरलेला चहा संपवला. त्याला तो गोड लागत होता, हेच तिला सहन होईना.

चौकशीत दादाचा परवाना गेला. महिनाभर थांबायला नको म्हणणारे वरचे मात्र जागच्या जागी राहिले. वहिनीने बोलणं टाकलं. आई म्हणाली, "भाऊ आहे गं तुझा." चिमणी उठून मोरीत गेली आणि उगाचच हात धूत बसली.

वर्षभराने दादाचा फोन आला. तो आता बसच्या कारखान्यात होता.

"तू केलंस ते बरोबरच होतं," तो म्हणाला.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण हे त्याला इतक्या उशिरा सुचलं, याचाच तिला वीट आला. "बरं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.